ब्लूज : सामाजिक दस्तऐवज की कलारूप?

१

विसाव्या शतकातील अमेरिकन संस्कृतीचा विचार करताना जाझ, ब्लूज आणि त्यांतून निष्पन्न झालेले लोकप्रिय संगीत यांचा निर्देश आता अपरिहार्य झाला आहे. तथापि हा निर्देश बहुधा केवळ विशेषणाच्या रूपाने होतो. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या 'टेल्स ऑफ द जाझ एज' (१९२२) या कथासंग्रहाने एका दशकास नाव मिळवून दिले. परंतु त्या कथांत जाझ हे संगीत म्हणून क्वचितच ऐकू येते. तेथे तो शब्द महायुद्धोत्तर तरुण पिढीच्या चंचल व सुखलोलुप मनोवृत्तीचे चिन्ह आहे. ज्या कृष्णवर्णीय समाजाने हे संगीत निर्माण केले त्याचे जीवन त्या कथांच्या परिघाबाहेरच राहते. नाव उचलले गेले, नाद मात्र मागे राहिला.

यास्तव 'अमेरिकन संस्कृतीवर या संगीताचा प्रभाव पडला' असे विधान करून थांबणे समीक्षेस पुरेसे नाही. प्रभाव कशाचा पडला, तो कोणत्या मार्गाने पसरला, आणि प्रसाराच्या ओघात मूळ वस्तूचे काय झाले, हे तीन प्रश्न वेगळे करून पाहावे लागतात. याच प्रश्नांवरून १९६३-६४ या वर्षांत दोन कृष्णवर्णीय लेखकांमध्ये एक महत्त्वाचा मतभेद प्रकट झाला. लेरॉय जोन्स (पुढे अमिरी बराका) यांचे 'ब्लूज पीपल' १९६३ साली प्रसिद्ध झाले आणि राल्फ एलिसन यांनी १९६४ साली त्याचे कठोर परीक्षण केले. ब्लूज हा एका समाजाच्या अवस्थेचा पुरावा मानावा, की त्या अवस्थेवर मिळविलेला कलात्मक विजय मानावा, हा त्या मतभेदाचा गाभा होय. त्याचा निवाडा करण्यापूर्वी ब्लूज हा रचनाप्रकार म्हणून काय आहे, हे पाहणे अवश्य आहे. कारण या वादात ज्या वस्तूविषयी वाद चालला आहे ती वस्तूच पुष्कळदा दृष्टीआड होते.

२

ब्लूजचे सर्वाधिक रूढ रूप बारा 'बार'चे असते. प्रत्येक बार चार मात्रांचा, चार बारांची एक ओळ, आणि अशा तीन ओळींचे एक कडवे. पहिली ओळ गायिली जाते. दुसरी ओळ तीच, क्वचित एखाद्या शब्दाच्या फरकाने. आणि तिसरी ओळ नवी, पहिलीशी यमक साधणारी. गायकाचा आवाज साधारणतः ओळीचा पूर्वार्धच व्यापतो. उत्तरार्ध गिटार, पियानो किंवा कॉर्नेट यांच्यासाठी मोकळा असतो, आणि वाद्य त्या अवकाशात गायकास उत्तर देते. ही हाक आणि प्रतिसादाची पद्धती दक्षिणेतील शेतांवरच्या श्रमगीतांत आणि प्रार्थनागृहांतील सामूहिक गायनात आधीपासूनच रुजलेली होती. गांधार, निषाद आणि कधी पंचम हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या दरम्यान कोठेतरी ठेवण्याची रीतही या गायनाची खूण मानली जाते. पियानोच्या पट्ट्यांवर हे स्वर नेमके सापडत नाहीत. ते सुचवावे लागतात.

दुसऱ्या ओळीची पुनरुक्ती हे शब्ददारिद्र्याचे लक्षण समजण्याची चूक अनेकांनी केली आहे. वस्तुतः रचनेचे मर्म तेथेच आहे. पहिली ओळ षड्जावर आधारलेल्या स्वरसंगतीवर उभी असते. दुसरी ओळ आरंभी मध्यमावर आधारलेल्या संगतीवर सरकते, म्हणजे शब्द तेच, पण त्यांच्या पायाखालची भूमी बदललेली असते. तिसरी ओळ पंचमाच्या संगतीपासून निघून पुन्हा षड्जाकडे परतते. विधान, त्याच विधानाकडे दुसऱ्या स्थानावरून पाहणे, आणि मग त्यावर भाष्य, अशी ही त्रिपदी आहे. भाष्य बहुधा अनपेक्षित असते. दुःखाच्या विधानावर थट्टेची ओळ येऊन बसते. शिवाय आयत्या वेळी रचना करणाऱ्या गायकास पुनरुक्तीमुळे तिसरी ओळ जुळविण्यास अवधी मिळतो. म्हणजे एकाच योजनेतून रचनेची सोयही साधते आणि अर्थाचा विस्तारही.

या प्रकाराचा नेमका आरंभ कोणत्या वर्षी झाला हे सांगता येत नसले, तरी तो छापील कागदावर केव्हा आला हे निश्चित आहे. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९४१ च्या आत्मचरित्रात मिसिसिपी राज्यातील टटवायलर येथील रेल्वे स्थानकावर ऐकलेल्या एका अनाम वादकाचे वर्णन केले आहे. तो गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवीत होता. त्याच हँडी यांनी १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' आणि १९१४ साली 'सेंट लुइस ब्लूज' प्रसिद्ध केले. दुसऱ्या रचनेच्या एका भागात त्यांनी टँगोची लय योजिली आहे. हे लक्षणीय आहे. ब्लूज छापला गेला तेव्हाच तो मिश्र होता. 'शुद्ध' ब्लूजचा शोध घेणाऱ्यास त्याचा अगदी आरंभीचा छापील पुरावाही साथ देत नाही.

३

छापील स्वरलिपीपेक्षा ध्वनिमुद्रिकेने घडविलेला पालट अधिक खोल होता. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी स्मिथ यांनी ओके कंपनीसाठी पेरी ब्रॅडफर्ड यांचे 'क्रेझी ब्लूज' मुद्रित केले. त्याच्या अनपेक्षित खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहक हा एक बाजार आहे, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. त्यानंतर 'रेस रेकॉर्ड्स' या नावाची वेगळी मालिकाच उभी राहिली. व्यापारी नियतकालिकांत हे नाव १९४९ पर्यंत टिकले. मग त्याची जागा 'रिदम अँड ब्लूज' या नावाने घेतली.

येथे दोन गोष्टी एकदमच घडल्या. एकीकडे बाजाराने संगीताची वर्णानुसार विभागणी केली. दुसरीकडे त्याच बाजाराने मिसिसिपीतील आवाज शिकागो आणि न्यूयॉर्क येथील घराघरांत पोहोचविला. रचनेवरही परिणाम झाला. दहा इंची मुद्रिकेवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. कितीही कडव्यांपर्यंत लांबणारे गीत चार-पाच कडव्यांत आटोपावे लागले, आणि आटोपावे लागले म्हणून त्यास आदि, मध्य व अंत प्राप्त झाले. यंत्राच्या मर्यादेने कलाकृतीला आकार दिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळाच.

या मर्यादेत काय साधता येत होते, हे जानेवारी १९२५ मध्ये मुद्रित झालेल्या बेसी स्मिथ यांच्या 'सेंट लुइस ब्लूज'मध्ये ऐकावे. सोबत लुई आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट आणि फ्रेड लाँगशॉ यांची हार्मोनियमच्या जातीची पेटी आहे. बेसी स्मिथ लय अतिशय संथ ठेवतात, एकेक स्वर वजनाने टाकतात. आणि प्रत्येक ओळीनंतरच्या अवकाशात आर्मस्ट्राँग यांचे कॉर्नेट त्या ओळीवर जणू टीकाच करते. लेखणीने रचलेले आणि छापून विकले गेलेले गीत येथे पुन्हा संवादरूप होते. त्यास 'लोकगीत' म्हणता येत नाही आणि 'व्यापारी माल' म्हणून सोडताही येत नाही.

४

कागदावरच्या कवितेस हे रूप पेलेल काय, हा प्रश्न हार्लेमच्या लेखकांपुढे १९२० नंतर उभा राहिला. अ‍ॅलन लॉक यांनी संपादिलेल्या 'द न्यू नीग्रो' (१९२५) या संग्रहात जाझवर लेख आहे; परंतु स्वतः लॉक यांची भिस्त धार्मिक गीतांवर, आणि त्यांतून पुढे निर्माण होऊ शकणाऱ्या प्रौढ संगीतरचनांवर अधिक होती. लोकसंगीत हे कच्चे द्रव्य आणि सिम्फनी ही त्याची परिणती, अशी ही धारणा होय. लँग्स्टन ह्यूज यांनी १९२६ साली 'द नेशन'मधील निबंधात या धारणेस विरोध केला आणि सामान्य कृष्णवर्णीयांचे संगीत जसे आहे तसे साहित्याचे प्रमाण मानावे, अशी भूमिका घेतली.

भूमिका घेणे सोपे होते. काव्यात ती उतरविणे कठीण. 'द वेअरी ब्लूज' (१९२६) या संग्रहाच्या शीर्षककवितेत एक निवेदक हार्लेममधील पियानोवादकाचे गाणे ऐकतो. गायकाचे शब्द अवतरणचिन्हांत येतात आणि भोवती निवेदकाची, अधिक ग्रांथिक वळणाची भाषा असते. म्हणजे ब्लूज कवितेत आला आहे, परंतु पाहुणा म्हणून. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'फाइन क्लोथ्स टू द ज्यू' (१९२७) या संग्रहात अनेक कवितांतून ही चौकट गळून पडते. निवेदक नाहीसा होतो आणि पात्रे स्वतःच बोलतात. तीन दीर्घ ओळी सहा लहान ओळींत मोडून छापल्या जातात, आणि गाण्यात वाद्य जेथे उत्तर देते तेथे कागदावर ओळीचा शेवट येतो. संग्रहाच्या आरंभी ह्यूज यांनी या रचनाबंधाचे स्पष्टीकरण करणारी टीप दिली असून, ब्लूजची वृत्ती बहुतेक विषण्ण असली तरी तो गायिला जाताना लोक हसतात, असे तीत नोंदविले आहे. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून या संग्रहावर प्रखर टीका झाली. शीर्षक तर आक्षेपार्ह ठरलेच, पण खरा रोष समाजाच्या खालच्या थराचे चित्र उघड्यावर मांडल्याबद्दल होता. ब्लूज हा लाजेचा विषय की अभिमानाचा, हा वाद तेव्हा त्या समाजाच्या आतच चालला होता, हे विसरता कामा नये.

तरीही ह्यूज यांच्या या कवितांत एक उणीव राहते. कागदावरील पुनरुक्तीस बदलत्या स्वरसंगतीचा आधार नसतो. दुसरी ओळ वाचकास केवळ दुसऱ्यांदा वाचावी लागते. स्टर्लिंग ब्राउन यांनी 'सदर्न रोड' (१९३२) या संग्रहातील 'मा रेनी' या कवितेत या अडचणीतून वेगळी वाट काढली. कवितेचा भर गायिकेच्या गाण्यापेक्षा तिच्या श्रोत्यांवर आहे : ते कोठकोठून येतात, कसे हसतात, आणि पुराचे गाणे सुरू होताच कसे माना खाली घालून रडू लागतात. गाणे कागदावर आणता येत नाही. पण गाण्याचा परिणाम आणता येतो, हे ब्राउन यांनी ओळखले. ह्यूज रचनाबंध घेतात, तर ब्राउन त्या रचनाबंधाचे सामाजिक कार्य घेतात. पुढील वादाची दोन टोके येथे बीजरूपाने दिसतात.

५

जोन्स यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : गुलामापासून नागरिकापर्यंतचा कृष्णवर्णीयांचा प्रवास त्यांच्या संगीतात नोंदला गेला आहे. संगीताचे रूप बदलते ते समाजस्थिती बदलते म्हणून. मध्यमवर्ग जसजसा श्वेतवर्णीय संस्कृतीशी एकरूप होऊ पाहतो तसतसा तो ब्लूजपासून दुरावतो. श्वेतवर्णीय वादक हे संगीत शिकू शकतो, पण त्याच्यासाठी ती आत्मसात केलेली कला असते. ज्या जीवनदृष्टीतून ती उद्भवते ती त्याची नसते.

या प्रतिपादनाचे बळ संस्थांच्या इतिहासात प्रत्ययास येते. १९१७ साली पहिली जाझ मुद्रिका निघाली ती न्यू ऑर्लिन्सच्या श्वेतवर्णीय वादकांची. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी एओलियन हॉलमध्ये जाझची प्रतिष्ठापना झाली ती पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाकडून. ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून ज्या कॉटन क्लबमध्ये वाजवीत होते तेथे रंगमंचावर कृष्णवर्णीय आणि प्रेक्षागारात श्वेतवर्णीय, असा दंडक होता. १९६५ साली संगीताच्या परीक्षकांनी एलिंग्टन यांच्या विशेष गौरवाची केलेली शिफारस पुलित्झर मंडळाने फेटाळली. तो गौरव त्यांच्या मृत्यूनंतर, १९९९ साली झाला. हा इतिहास डोळ्यांपुढे असता 'संगीतास वर्ण नसतो' हे वचन भाबडे वाटते.

एलिसन यांचा आक्षेप तपशिलापेक्षा दृष्टीवर आहे. टस्कीगी येथे संगीताचे शिक्षण घेतलेल्या या कादंबरीकारास असे वाटते की, समाजशास्त्राचा भार घालून जोन्स गाण्यालाच गुदमरवून टाकतात. गुलामगिरीतही माणूस केवळ गुलाम नव्हता. तो नाचत होता, गात होता आणि कौशल्याचे मोजमापही करीत होता. ब्लूज हा दुःखाचा उद्गार नसून दुःखाला दिलेला आकार आहे. आणि अमेरिकन संस्कृती आरंभापासूनच इतकी मिश्र आहे की, तीत कृष्णवर्णीयांचा वाटा बाजूला काढून दाखविणे अशक्य आहे. 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीचा प्रस्ताव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तळघरात १,३६९ दिवे लावून राहणारा नायक आर्मस्ट्राँग यांची एकच मुद्रिका एकदम पाच यंत्रांवर ऐकू इच्छितो. त्या गाण्यात तो काळाच्या फटींत शिरतो. लयीच्या मागे-पुढे असण्यातच त्यास स्वतःच्या अदृश्यतेचा अर्थ गवसतो. संगीत येथे कादंबरीचे सजावटीचे अंग नाही, ते तिच्या कालरचनेचे तत्त्व आहे.

६

दोन्ही भूमिका कसोटीस लावण्यासाठी दोन उदाहरणे उपयुक्त ठरतात.

पहिले 'हाउंड डॉग' या गाण्याचे. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन तरुण ज्यू गीतकारांनी ते विली मे ऊर्फ 'बिग मामा' थॉर्नटन यांच्यासाठी रचिले. त्यांनी ते १९५२ साली गायिले आणि १९५३ साली ते 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत अग्रस्थानी राहिले. त्यात एक स्त्री तिच्या जिवावर बसून खाणाऱ्या पुरुषास घराबाहेर काढते. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्ली यांनी ते गायिले, पण मधल्या एका वाद्यवृंदाने शब्द बदललेल्या रूपात. स्त्री गेली, तो पुरुष गेला. उरला तो खरोखरीचाच कुत्रा. लय वेगवान झाली आणि गाणे सर्व अमेरिकेचे झाले.

जोन्स यांच्या सिद्धान्तास या गाण्याचा पूर्वार्ध अडचणीचा आहे, कारण ज्यात एका कृष्णवर्णीय स्त्रीचा आवाज इतका अस्सल वाटतो ते शब्द दोन श्वेतवर्णीयांनी लिहिले. एलिसन यांच्या सिद्धान्तास उत्तरार्ध अडचणीचा आहे. संस्कृतींचे मिश्रण झाले हे खरे, पण त्या मिश्रणात जे गळाले ते नेमके अर्थाचे अंग होते. आणि कीर्ती व द्रव्य यांची वाटणी कशी झाली, हे सर्वविदित आहे. मिश्रण आणि अपहार या दोन परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. त्या एकाच व्यवहारात घडू शकतात.

दुसरे उदाहरण बेसी स्मिथ यांच्या मृत्यूचे. सप्टेंबर १९३७ मध्ये मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. श्वेतवर्णीयांच्या रुग्णालयाने प्रवेश नाकारल्यामुळे त्या मेल्या, अशी वार्ता त्याच वर्षी छापली गेली आणि ती सर्वमान्य झाली. एडवर्ड ऑल्बी यांची 'द डेथ ऑफ बेसी स्मिथ' ही नाटिका (प्रथम प्रयोग १९६०) तिच्यावरच आधारलेली आहे. पुढे ख्रिस अ‍ॅल्बर्टसन यांनी १९७२ च्या चरित्रात अपघातस्थळी हजर असलेल्या डॉक्टरांच्या साक्षीच्या आधारे दाखवून दिले की, त्यांना थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयातच नेण्यात आले होते. वार्ता खोटी होती. मात्र रुग्णालयेही वर्णानुसार विभागलेली असावीत ही व्यवस्था खरी होती, आणि म्हणूनच ती वार्ता खरी वाटली.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. ऑल्बी यांच्या नाटिकेत बेसी स्मिथ रंगमंचावर येतच नाहीत. अन्यायाचा निषेध करणाऱ्या कलाकृतीत अन्याय सोसणाऱ्या कलावतीस ना शरीर आहे, ना आवाज. कलावंतास केवळ सामाजिक दुःखाचा पुरावा मानले की काय घडते, याचे हे उदाहरण आहे : पुरावा उरतो, कलावंत नाहीसा होतो. एलिसन यांना जे भय वाटत होते ते हेच. याच्या उलट ऑगस्ट विल्सन यांचे 'मा रेनीज् ब्लॅक बॉटम' (१९८४) हे नाटक पाहावे. १९२७ च्या शिकागोतील मुद्रणगृहात मा रेनी आपला आवाज यंत्रात बंद होईपर्यंतच मालकांवर हुकमत गाजवू शकते. मुद्रण होताच ती हुकमत संपते, हे ती जाणते. जोन्स यांचे अर्थकारण आणि एलिसन यांचे कलाभान या नाटकात एकमेकांस छेद देत नाहीत, कारण नाटककाराने गायिकेस बोलू दिले आहे.

७

हा वाद मराठी वाचकांस सर्वस्वी परका नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० नंतर जाझ वाजू लागले आणि गोमंतकीय वादकांनी ती विद्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत नेली. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक व १९६३ साली ड्यूक एलिंग्टन अमेरिकन परराष्ट्रखात्याच्या वतीने भारतात आले. एलिंग्टन यांना मायदेशी पुलित्झर मंडळाने नाकारले ते या दौऱ्यानंतर दोनच वर्षांनी. परंतु खरा संबंध याहून खोल आहे. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे आदींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय मराठीस करून दिला; १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि दलित साहित्य जीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचावे की कलाकृती म्हणून, हा प्रश्न मराठी समीक्षेत त्यानंतर सातत्याने विचारला गेला आहे.

ब्लूजच्या इतिहासावरून या प्रश्नास एक उत्तर मिळते, आणि ते असे की, हा पर्यायच चुकीचा मांडला गेला आहे. त्रिपदीची दुसरी ओळ पहिलीचेच शब्द उच्चारते. पण तिच्या खालची संगती पालटलेली असते, म्हणून ती केवळ पुनरुक्ती राहत नाही. जीवन आणि कलाकृती यांचे नाते असेच आहे. शब्द जीवनाचेच, परंतु स्थान बदललेले. जो समीक्षक फक्त शब्द ऐकतो त्यास दस्तऐवज सापडतो, आणि जो फक्त स्थानांतर ऐकतो त्यास शैली सापडते. ब्लूज ऐकणे म्हणजे दोन्ही एकाच वेळी ऐकणे होय. आणि तिसरी ओळ कोणती येते याची वाट पाहणे.